फार्गोच्या चासीवर टाटामोबिलचा हौदा: सोलापुरातलं एक प्रकरण

गाडी: फार्गो पाऊणटनी पिकअप, १९५०च्या आसपासची. जागा: सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. मागणी: कुजलेल्या हौद्याच्या (मागच्या माल भरायच्या उघड्या भागाच्या) जागी अलीकडच्या गाडीचा पत्र्याचा हौदा बसवायचा, आणि तो मुळापासून तिचाच वाटला पाहिजे. मागणीचा शेवटचा भाग जमणार नाही, हे मालकांना मी पहिल्याच बैठकीत सांगितलं. बाकीचं कसं जमवलं आणि कुठे तडजोड केली, ते इथे मांडतो.

फार्गो म्हणजे डॉजच. क्रायस्लर कंपनी तेच ट्रक वेगळ्या बिल्ल्याखाली विकायची. आपल्याकडे क्रायस्लरच्या गाड्या जोडायचं काम प्रीमियर ऑटोमोबाइल्स करायची. ती कंपनी १९४४ साली उभी करणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे, जन्म १८८२चा. म्हणून असेल, पण या गाडीबद्दल इथली जुनी माणसं घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. आताच्या मालकांच्या आजोबांनी ती सुताच्या गाठी मागांपर्यंत पोचवायला घेतली. नंतर चादरींचा धंदा वाढला, टेम्पो आले, आणि फार्गो शेडच्या कडेला लागली. इंजिन मूळचंच आहे, साइड व्हॉल्व्हचं सहा सिलिंडर पेट्रोल, आणि ते चालू होतं. केबिन बरी होती. हौदा मात्र हाताने ढकलला तरी हलत होता.

त्या काळच्या डॉज-फार्गो पिकअपचा हौदा अरुंद असे. तळाला लाकडी फळ्या, फळ्यांच्या सांध्यांवर लोखंडी पट्ट्या, दोन्ही बाजूंना सरळ पत्रा, आणि चाकांवरची मडगार्डं हौद्याच्या बाहेरून बोल्टने लावलेली. फळ्या ओल धरतात, त्यामुळे पत्रा खालच्या कडेने खात जातो. इथेही तसंच झालं होतं. माझं मत विचाराल तर असा हौदा नव्याने बनवणं फार अवघड नाही. सरळ पत्रा आणि सरळ घड्या आहेत, एमआयडीसीतल्या कुठल्याही बेंडिंग मशीनवर होतात. पण मालकांना गाठी आडव्या बसतील इतकी रुंदी हवी होती, आणि भंगारवाल्याकडून टाटामोबिलचा हौदा त्यांनी आधीच उचलला होता. पैसे मोजून दारात आणलेल्या मालाविरुद्ध सल्ला चालत नाही.

टाटामोबिल २०६ टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, १९८८ साली बाजारात आणली. पुढे सिएरा, इस्टेट आणि सुमो याच घराण्यातून निघाल्या. तिचा हौदा पूर्ण पत्र्याचा, चाकाची कमान बाजूच्या पत्र्यातच दाबून काढलेली, आतल्या अंगाला चाकाचे उंचवटे. आमच्या हाती आलेला तुकडा चांगला होता. फाळका, म्हणजे मागची खाली पडणारी झडप, सरळ, कोपरे शाबूत, तळाला दोन ठिकाणी गंज.

टेप लावण्याआधी कागद

गाडीला हात लावण्याआधी मी मालकांशी कायद्याचं बोललो. पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रींना ते फारसं आवडलं नाही, पण ते आधीच बोलणं भाग होतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, गाडीत असा बदल करता येत नाही ज्यामुळे नोंदणीतली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळी पडेल. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ उचलून धरला. दुसरी बाब व्हिंटेज नोंदणीची. २०२१ साली केंद्राने नियमांत त्यासाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. अट अशी की चासी (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच.

म्हणजे टाटामोबिलचा हौदा चढवून व्हिंटेजचा अर्ज करायचा, ही गोष्ट माझ्या मते विसरायचीच होती. मालकांनी थोडा विचार करून सांगितलं, "सध्या गाडी आवारातच चालवायची. शेडमधून गोदामात, गोदामातून शोरूमच्या दारात. पण उद्या पोरानं व्हिंटेज करायची म्हटलं, तर वाट बंद नको."

या एका वाक्यावर पुढचं सगळं काम उभं राहिलं. फार्गोच्या चासीला वेल्डिंग नाही, नवीन भोक नाही, कापाकापी नाही. जी काही चिरफाड करायची ती टाटामोबिलच्या हौद्याची. हा हौदा काढून जुन्या पद्धतीचा परत बसवायचा ठरला, तर पान्याने बोल्ट सोडले की काम व्हावं. जुन्या हौद्याची मडगार्डं, फाळका, कोपऱ्यांचे खुंट आणि फळ्यांच्या पट्ट्या खुणा करून माळ्यावर ठेवायला सांगितल्या. मिस्त्री त्यांचं भंगार करायला निघाले होते.

साडेतीन इंच

असं काम अंगावर घेणारे बहुतेक जण आधी हौद्याची लांबी मोजतात. जुना साडेसात फुटी, नवा जवळपास तेवढाच, मग बसेल की! मिस्त्रींचंही म्हणणं तेच, "बसतंय की ओ साहेब, इंचभर इकडंतिकडं." लांबी खरंच जुळत होती. न जुळणारी गोष्ट वेगळी होती.

कमान असलेल्या हौद्यात खरं माप एकच: केबिनची पाठ ते मागच्या एक्सलचा मध्य, आणि त्याच्यासमोर हौद्याची पुढची भिंत ते कमानीचा मध्य. ही दोन मापं जुळली तर बाकी सगळं सांभाळून घेता येतं. ती जुळली नाहीत तर चाक कमानीच्या मधोमध येत नाही, आणि ते दहा हातांवरूनही दिसतं.

त्या काळी डॉजची अर्धाटनी पिकअप १०८ इंच व्हीलबेसवर (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधल्या अंतरावर) निघे, पाऊणटनी ११६ इंचांवर. ही ११६ची. गाडी सपाट फरशीवर घेऊन, चारही चाकांत सारखी हवा भरून, केबिनच्या पाठीवरून आणि एक्सलच्या मध्यावरून ओळंबे सोडले, फरशीवर खडूने रेघा मारल्या. केबिन ते एक्सल भरलं ४५ इंच. टाटामोबिलच्या हौद्यात भिंत ते कमानीचा मध्य ४० इंच. मध्ये फट ठेवायची दीड इंच. हिशेब सरळ आहे: साडेतीन इंच कमी.

फट दीड इंच का, यावर मालकांशी बराच वाद झाला. त्यांना ती अर्ध्या इंचावर हवी होती, आताच्या गाड्यांत दिसते तशी. पण या गाडीची चासी म्हणजे उघड्या सी आकाराच्या दोन पट्ट्यांची शिडी. एक चाक खड्ड्यात गेलं की ती पिळते, पिळण्यासाठीच ती तशी बनवलेली असते. केबिन एका दिशेला कलते, हौदा दुसऱ्या. फट कमी ठेवली तर दोघांचे कोपरे एकमेकांवर घासतात, आणि त्यात केबिनचा सत्तर वर्षांचा पत्रा आधी फाटतो.

साडेतीन इंच कुठून आणायचे? हौदा तसाच मागे सरकवला तर काम झटपट होतं, पण केबिनमागे पाच इंचांची दरी राहते. त्यात दोऱ्या अडकतात, माल सांडतो, आणि गाडी कायम अर्धवट दिसते. एक्सल पुढे घ्यायचा तर पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) ब्रॅकेट हलवा, प्रोपेलर शाफ्ट आखूड करा, ब्रेकचे पाइप नव्याने वळवा, म्हणजे चासीला हात लावायचा नाही ही अट पहिल्याच दिवशी मोडायची. कमानच कापून मागे न्यायची म्हटलं तर बाहेरची गोलाई आणि आतला उंचवटा दोन्ही नव्याने घडवावे लागतात. इतक्या जुन्या दाबाच्या पत्र्यावर अशी गोलाई हाताने काढणारा डेंटर शहरात असेलही, पण दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या करून देणारा मिळणं कठीण. जरा वर-खाली झालं तर आयुष्यभर पुट्टी भरत बसायचं.

राहिला चौथा मार्ग, आणि आम्ही तोच घेतला. हौद्याची पुढची भिंत सोडवायची, साडेतीन इंच पुढे न्यायची, आणि मधल्या जागेत तळ व दोन्ही बाजूंचा पत्रा भरायचा. या हौद्याच्या बाजूला आडव्या दाबरेषा आहेत, पण पुढच्या कोपऱ्याजवळ त्या विरून पत्रा सपाट होतो. जोड तिथे घातला तर रेषा जुळवायचा प्रश्नच उरत नाही. कापण्याची जागा ठरवताना मी आधी ही सपाटी शोधली, मग माप लावलं.

भिंत स्पॉट वेल्डिंगवर होती. प्रत्येक ठिपका ड्रिलने उघडून ती अखंड काढली, ग्राइंडर चालवला नाही. बाजूचा पत्रा पातळ, साधारण वीस गेजचा, म्हणून सीओटू वेल्डिंगने लहान लहान टाके, एक इथे तर पुढचा पार तिकडे, आणि मध्ये पत्रा गार व्हायला वेळ. एका दमात शिवण ओढली असती तर बाजू लाटेसारखी वाकली असती. तळाच्या नव्या पट्टीखाली एक आडवी बीम जादा टाकली, कारण गाठ उतरवताना माणूस नेमका तिथेच पाय देतो.

मिस्त्रींचा एक आग्रह होता की सोलापूरच्या उन्हात दुपारी घेतलेलं माप खोटं. मी हिशेब करून दाखवला. सकाळ आणि दुपार यांत पत्र्याच्या तापमानात २५ अंशांचा फरक धरला, तरी आठ फुटांच्या हौद्याची लांबी एक मिलिमीटरही वाढत नाही, म्हणजे पाव सुताच्या आसपास (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तरीही टाके सकाळीच मारायचे असं ठरलं. एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असली की पत्रा वेगवेगळा ओढतो, आणि तिथे मिस्त्रींचा अनुभव माझ्या हिशेबाहून जास्त कामाचा होता.

नवी लांबी साडेब्याण्णव इंच झाली. एक्सलच्या मागे ४९ इंच, जुन्या हौद्यापेक्षा अडीच इंच जास्त. नियमाप्रमाणे मागचा लोंबता भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपर्यंत चालतो. इथे तो आकडा सत्तर इंचांच्या जवळ जातो, त्यामुळे काळजी नव्हती.

हौद्याखालची गादी

टाटामोबिलची चासी मागच्या एक्सलवर उंच चढते, फार्गोची जवळजवळ सरळ जाते. हौद्याच्या आडव्या बीम त्या चढावाला धरून बनवलेल्या, म्हणजे मधल्या उथळ, पुढच्या-मागच्या खोल. हौदा नुसता ठेवून पाहिला तर पुढचा आणि मागचा भाग टेकला आणि मधली बीम इंचभर अधांतरी. मिस्त्री लगेच पट्ट्यांचं पॅकिंग घालायला निघाले. त्याने तो बसला असता, पण सगळं वजन चार-पाच ठिपक्यांवर आलं असतं, आणि ठिपक्याखाली चासीची पट्टी दबत जाते.

म्हणून दोन लांब लोखंडी चॅनेल घेतली, ७५ बाय ४० मिलिमीटरची, आणि ती चासीच्या दोन्ही पट्ट्यांवर पूर्ण लांबीभर टेकवली. हौद्याच्या बीम या चॅनेलवर, मधल्या बीमखाली चॅनेललाच जोडलेलं इंचाचं पॅकिंग. चासी बाहेरून बाहेर ३४ इंच भरते. हौद्याच्या बीमवर मूळची मजबूत केलेली बसायची जागा दोन्ही बाजूंना दीड इंच बाहेर पडत होती. बीम म्हणजे दाबलेला पातळ पत्रा, तिचा जोर त्या जागेपुरताच. म्हणून नव्या जागी खालून जाड पट्टी लावून घेतली. हे काम बाहेरून दिसत नाही, त्यामुळे अशा कामांत ते हमखास राहून जातं, आणि वर्षभराने बीम चेपलेली सापडते.

चॅनेल आणि चासी यांच्यामध्ये साखर कारखान्याच्या कन्व्हेअरचा जुना रबरी पट्टा कापून घातला. आपल्या जिल्ह्यात त्याला तोटा नाही. चॅनेलची पुढची टोकं तिरकी कापली. सरळ कापलं तर जिथे चॅनेल संपतं तिथे चासीवर एकाच रेषेत ताण येतो, आणि तडा गेला तर तिथूनच जातो. पकडायला यू-बोल्ट. पुढच्या जोडीखाली स्प्रिंग, म्हणजे चासी पिळली तर हौदा तिथे थोडा उचलला जाईल. मागे, जुन्या हौद्याचे बोल्ट जिथे होते त्या भोकांतून पट्ट्या घेतल्या, त्या हौदा पुढे-मागे सरकू देत नाहीत. चासीला एकही नवं भोक पडलं नाही.

चाकं बाहेर, उजेड आत

चॅनेल आणि पट्ट्यामुळे हौदा तीन इंचांहून जास्त वर गेला, आणि त्याचा चाकांना फायदाच झाला. गाडीला टायर साडेसहा-सोळाचे, उभे मोजले तर तीस इंचांच्या आसपास. कमानीचं तोंड ३४ इंच. म्हणजे पुढे-मागे दोन-दोन इंच मोकळे. वर सहा इंच. हौद्यात वाळूची पोती टाकून पाचशे किलो भरले तेव्हा वरची जागा साडेतीन इंचांवर आली, आणि पाटे रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत अजून दोन इंच जाऊ शकत होते. उरला दीड इंच. याहून कमी असता तर मी हौदा आणखी उचलायला लावला असता.

रुंदीत मात्र फार्गो वरचढ. टायरच्या बाहेरून बाहेर ६८ इंच, हौदा साडेसहासष्ट. प्रत्येक बाजूला चाक सहा सूत बाहेर. असं चाक खडी उडवतं आणि दिसतंही वाईट. कमानीच्या कडेने दोन इंचांची पत्र्याची ओठी बनवली, तिच्या काठात सळई गुंडाळली, आणि बोल्टने लावली. जुनी मडगार्डं वापरायचा मोह मालकांना झाला होता, पण ती अरुंद हौद्याच्या बाजूला टेकण्यासाठी घडवलेली. इथे लावली असती तर गाडी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिल्यासारखी दिसली असती.

विजेचं काम छोटं, पण त्यात एक मेख आहे. या पिढीच्या डॉज-फार्गोत ६ व्होल्टची बॅटरी असते आणि बॉडीला धन टोक जोडलेलं असतं. टाटामोबिलचे मागचे दिवे १२ व्होल्टचे. साध्या तारेच्या बल्बला उलट-सुलट टोकांनी फरक पडत नाही, म्हणून दिव्यांची घरं तीच ठेवली आणि आत जुन्या दुचाकींचे ६ व्होल्टचे बल्ब घातले. कोणीतरी एलईडी आणून दिले होते. ते १२ व्होल्टचे, शिवाय त्यांचं कवच ऋण टोकाचं, त्यामुळे इथे लागले नसते. पूर्ण गाडी १२ व्होल्टवर न्यायचा सल्लाही आला. डायनामो, स्टार्टर, मीटर, सगळं बदलायचं, तेही दोन दिव्यांसाठी? नको म्हटलं. हौद्याला पृथ्वीची वेगळी वायर चासीपर्यंत ओढली, कारण खाली रबर आहे आणि बोल्टवर भरवसा ठेवता येत नाही.

इंधनाच्या टाकीचं तोंड या गाडीत हौद्यापासून लांब असल्याने तिथे काही करावं लागलं नाही. स्टेपनी हौद्यातच उभी ठेवली.

पिळून पाहणं

रंगाआधी एक परीक्षा घेतली. उजवं पुढचं आणि डावं मागचं चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवलं, म्हणजे चासी कर्णावर पिळते. सपाटीवर केबिन आणि हौद्यातली फट दोन्ही कोपऱ्यांना बारा सूत. पिळल्यावर वरच्या डाव्या कोपऱ्यात ती आठवर आली आणि उजव्या कोपऱ्यात पंधरावर गेली. पुढच्या यू-बोल्टखालच्या स्प्रिंगा दबलेल्या दिसल्या, नव्या जोडावर तडा नाही. मालक बाजूलाच उभे होते. त्यांनी खिशातून पट्टी काढून स्वतः मोजलं, आणि अर्ध्या इंचाचा विषय पुन्हा निघाला नाही.

दिसण्याबद्दल. फार्गोची केबिन गोल खांद्यांची, बुटक्या काचांची. टाटामोबिलचा हौदा सरळ रेषांचा. एक रंग दिला की लांबून बरं दिसतं, जवळून दोन काळ दिसतात. हौद्याची वरची कड केबिनच्या खिडकीखालच्या रेषेला लावता येईल का, हे मालकांनी विचारलं. लावता आली असती, पण त्यासाठी चॅनेल आणखी उंच घ्यावं लागलं असतं, म्हणजे गाठी उचलणाऱ्याच्या पाठीवर चार इंच जादा. मी नाही म्हटलं आणि ते त्यांना पटलं. फाळक्यावर मोठ्या अक्षरांत 'फार्गो' रंगवायची कल्पना मात्र त्यांनी सोडली नाही. माझ्या मते ते लिहायला नको होतं. हौदा कोणाचा आहे हे पाहणाऱ्याला कळू द्यावं.

फाळका पूर्ण पडला की मागच्या बंपरवर आदळत होता, म्हणून साखळ्या दोन-दोन कड्यांनी आखूड केल्या. जोडाच्या आतून झिंक प्राइमर आणि सीलर लावला, पाणी बाहेर जायला तळाच्या पट्टीत भोकं ठेवली. रबरी पट्टा वजनाखाली बसतो, तसे यू-बोल्ट ढिले पडतात. माल भरून काही दिवस चालवल्यावर ते पुन्हा आवळायचे, पुढे दर पावसाळ्याआधी. पुढची जोडी आवळताना स्प्रिंग पूर्ण दाबायची नाही, दोन वेटोळ्यांमध्ये नखभर फट दिसली पाहिजे. हे मिस्त्रींनी चॅनेलच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहूनच ठेवलं आहे.